उत्तर कोणी द्यावयाचे?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या येथील महाराष्ट्र मंडळाच्या व्याख्यानमालेत एका विद्वान गृहस्थांचे ‘नवे माध्यम आणि समाजपरिवर्तन’ या विषयावर भाषण झाले. वक्ते विषयाचे जाणकार होते, भाषा ओघवती होती, आणि पडद्यावर दाखविलेल्या चित्रफितीही मोठ्या चित्ताकर्षक होत्या. पूर्वीचा प्रेक्षक मुका होता, आताचा बोलू लागला आहे; पूर्वी चित्र येई आणि निघून जाई, आता प्रेक्षक त्याला थांबवितो, प्रश्न विचारतो, कथेला हवे ते वळण देतो आणि आपले मत तेथल्या तेथे नोंदवितो; सबब समाज बदलण्यासाठी यापुढे चळवळींची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश होता. टाळ्या पुष्कळ पडल्या. मीही वाजविल्या. घरी परतताना मात्र मन अस्वस्थ झाले, आणि त्या अस्वस्थतेचा शोध घेता घेता हा लेख लिहिणे प्राप्त झाले.

मी एका केंद्रीय कचेरीतील सामान्य कारकून आहे. माध्यमशास्त्राचा माझा अभ्यास नाही. परंतु या नव्या चित्रफितींतून विचारले जाणारे प्रश्न शेवटी ज्या टेबलावर येऊन थबकतात, तशा एका टेबलापाशी मी गेली अकरा वर्षे बसत आहे. हे मासिक वाचणारे बहुसंख्य बांधवही अशाच कोठल्या तरी टेबलापाशी बसतात, कोणी नागपूरच्या उत्तरेस, कोणी हैदराबादेच्या दक्षिणेस. तेव्हा या प्रश्नाची एक बाजू अशी आहे की जी त्या वक्त्यांना दिसणे कठीण होते आणि आपल्याला न दिसणे अक्षम्य आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. चित्रफीत संवादी आहे की नाही, हे तिच्यात किती कळा दाबता येतात यावरून ठरत नाही. तिच्यातून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे कोणावर तरी बंधनकारक आहे की नाही, यावरून ते ठरते. असे बंधन जेथे आहे तेथे साधा रेडिओदेखील समाज हलवितो. जेथे नाही तेथे जगातील अद्ययावत यंत्रही करमणुकीपलीकडे जात नाही.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. तमाशाच्या फडात सवाल-जवाब रंगत, तेव्हा सवाल टाकणाऱ्याइतकीच जवाब देणाऱ्याचीही कसोटी लागे. जवाब आला नाही तर फड हरला, हे सर्वांसमक्ष ठरे. ‘आपला सवाल मिळाला, यथावकाश विचार केला जाईल’ असे म्हणून कोणा शाहिराला सुटता आले नाही. आता आजच्या चित्रफितीखाली प्रेक्षक जे लिहितात ते पाहावे. संताप असतो, कळवळा असतो, शिव्याही असतात. पण त्यांतील एकही वाक्य उत्तर देण्याची जबाबदारी असलेल्या माणसापर्यंत पोहोचेलच अशी व्यवस्था नसते. प्रेक्षक प्रेक्षकाशी बोलतो आणि आपण शासनाशी बोललो असे समजतो. दुसरा प्रकार, कथेला हवे ते वळण देण्याचा. हुंडा, बालविवाह, अस्पृश्यता अशा विषयांवर नायिकेने पुढे काय करावे हे प्रेक्षकाने निवडावयाचे. कल्पना वाईट नाही. विचाराला चालना देण्यास ती उपयोगी पडत असेल. परंतु त्यातील प्रत्येक वाट कर्त्याने आधीच आखून ठेवलेली असते. प्रेक्षकाला वाट निवडता येते, मुक्काम बदलता येत नाही. ज्याला तिसरीच वाट सुचली त्याला तेथे जागा नाही. याला संवाद म्हणावयाचे असेल तर शाळेतील रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नपत्रिकेलाही संवाद म्हणावे लागेल.

आपल्या देशाचा या बाबतीतील अनुभव थोडा नाही, आणि त्याचा प्रारंभ योगायोगाने महाराष्ट्रातच झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकंदर २० कार्यक्रम झाले. गावातील सुमारे २० माणसे एकत्र बसून ऐकत, ऐकून झाल्यावर आपसांत चर्चा करीत, आणि त्यांच्या शंका व निर्णय पुणे केंद्राकडे जात. शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यात श्रोतृमंडळे असलेल्या गावांतील ज्ञानाची वाढ, मंडळे नसलेल्या गावांहून कितीतरी अधिक आढळून आली. यंत्र तेच, आवाज तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी ऐकणाऱ्याच्या शंकेची कोणीतरी वाट पाहत होते.

त्यानंतर १९ वर्षांनी फार मोठा प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. ज्या गावांनी कधी चित्रपटगृह पाहिले नव्हते त्या गावांनी आकाशातून आलेले चित्र पाहिले. आपल्या शास्त्रज्ञांचे ते कर्तृत्व खरोखर थोर होते, आणि पुढील उपग्रहयुगाचा पाया त्यानेच घातला. पण चित्र उतरत होते, प्रश्न चढत नव्हता. गावाने पाहावयाचे आणि सांगणाऱ्याने सांगावयाचे, ही विभागणी त्या यंत्रणेच्या रचनेतच होती.

ही उणीव ओळखूनच १९९६ साली मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात ‘इस्रो’ने पुढचे पाऊल टाकले. भिल्ल-भिलाल्यांच्या १५० गावांत उपग्रहावरून चित्र ग्रहण करणारे संच बसविले, आणि जिल्ह्याच्या १२ विकासखंडांच्या मुख्यालयी उलट बोलण्याची सोय असलेली केंद्रे उभी केली. प्रश्न आवाजाने जाई, उत्तर चित्राने येई. संवादी चित्रवाणीचा हा आपल्याकडील एक आरंभीचा आणि प्रामाणिक प्रयत्न होता. तरीही त्याचा आराखडा नीट पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. डोळे गावाला दिले होते. तोंड मात्र विकासखंडाच्या कचेरीला दिले होते. शेतकरीण आपल्या पाड्यावर बसून पाहू शकत होती. विचारावयाचे झाल्यास तिला मुख्यालय गाठणे भाग होते, आणि तेथे तिच्या आधी बोलण्यास आपल्यासारखे कर्मचारी हजर असत. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. त्या काळी खर्चाच्या आणि यंत्राच्या मर्यादा होत्या. पण मर्यादा आली की पहिल्याने कोणाचे तोंड वगळले जाते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आज ती मर्यादा उरलेली नाही. झाबुआच्या पाड्यावरही आता खिशातील फोनमध्ये कॅमेरा आहे. डोळे आणि तोंड दोन्ही गावाला मिळाली. मग संवाद पुरा झाला का? येथेच आमच्या वक्त्यांची आणि माझी वाट वेगळी होते. तोंड दोघांना असले म्हणजे संभाषण होत नाही. एकाला कान असावे लागतात, आणि ऐकल्यावर त्याला गप्प बसण्याची मुभा नसावी लागते.

दूरदेशीच्या एका उदाहरणाने ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत फोगो नावाचे एक बेट आहे. मासेमारीवर जगणारी, एकमेकांपासून तुटलेली दहा-बारा लहान गावे. मासेमारी मंदावली होती, पुष्कळांचे जिणे सरकारी मदतीवर आले होते, आणि लोकांना तेथून उठवून अन्यत्र वसविण्याचा विचार शासनदरबारी चालू होता. १९६७ साली तेथील विद्यापीठाचे डोनाल्ड स्नोडेन आणि राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी त्या कोळ्यांना कॅमेऱ्यासमोर बोलते केले. पंचविसांहून अधिक लहान चित्रपट तयार झाले. ज्याचे चित्रण केले त्याला ते आधी दाखवावयाचे, त्याची संमती घ्यावयाची, मग शेजारच्या गावांना दाखवावयाचे, असा क्रम होता. बेटावरच्या गावांना एकमेकांची दुःखे एकच आहेत हे त्या पडद्यावर प्रथम दिसले. नंतर ते चित्रपट राजधानीत अधिकाऱ्यांपुढे नेण्यात आले. आणि येथे ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे सारे सांगत आहे: मत्स्यव्यवसायमंत्र्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून उत्तर दिले, आणि ते उत्तर बेटावर नेऊन लोकांना दाखविण्यात आले. पुढे बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. लोक तेथून उठले नाहीत. आजही ते बेट वसलेले आहे.

फोगोचे श्रेय एकट्या चित्रपटांना देणे योग्य होणार नाही. बेटावरची माणसे चिवट होती आणि सहकाराचा विचार तेथे रुजलेला होता. पण त्या प्रयोगाची आठवण जगात आजवर टिकली ती कॅमेऱ्याच्या कौशल्यामुळे नव्हे. चित्र गेले आणि चित्र परत आले, म्हणून ती टिकली. त्या वेळी आंतरजाल नव्हते, कळा नव्हत्या, मतांची मोजदाद नव्हती. चित्रपटाच्या रिळांचे डबे नेणारी आणि परत आणणारी माणसे होती, आणि उत्तर देण्यास बसलेला एक मंत्री होता.

आपल्याकडेही ज्यांनी या माध्यमाचा खरा उपयोग केला त्यांनी ही दुसरी फेरी कधी विसरली नाही. २००२ साली चित्रकूटला ‘खबर लहरिया’ हे ग्रामीण स्त्रियांनी चालविलेले बुंदेली वृत्तपत्र निघाले. पुढे त्या स्त्रियांनी हाती फोन घेऊन चित्रफिती काढण्यास सुरुवात केली. गोव्यात ठाणे केलेल्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ या संस्थेने २०१० साली ‘इंडिया अनहर्ड’ हा उपक्रम सुरू करून देशभरच्या मागास जिल्ह्यांतील सामान्य स्त्री-पुरुषांना वार्ताहर म्हणून तयार केले. त्या वार्ताहरांना दिलेली शिकवण मला फार मोलाची वाटते. रस्ता नाही, शिक्षक येत नाही, धान्य मिळत नाही, अशी पहिली चित्रफीत काढावयाची, ती गावाला दाखवावयाची आणि अधिकाऱ्यालाही दाखवावयाची, पाठपुरावा करावयाचा, आणि काम झाले म्हणजे दुसरी चित्रफीत काढून ते कसे झाले हे सांगावयाचे. पहिली चित्रफीत म्हणजे सवाल, दुसरी म्हणजे जवाब. पहिली कितीही लोकांनी पाहिली तरी दुसरीवाचून ती अपुरीच.

आता आपल्या घराकडे वळतो. संवादी चित्राचे सामर्थ्य आपल्या शासनयंत्रणेला ठाऊक नाही असे कोणी समजू नये. २५ मार्च २०१५ रोजी ‘प्रगती’ हा मंच सुरू झाला. पंतप्रधान पडद्यावर असतात, केंद्राचे सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव समोर असतात, रखडलेल्या प्रकल्पाविषयी आणि तक्रारींविषयी प्रश्न विचारला जातो आणि उत्तर तत्क्षणी द्यावे लागते. त्याच नमुन्यावर खालपर्यंत दृक्‌श्राव्य बैठका होतात. वरिष्ठ पडद्यावरून विचारणार म्हटले की आदल्या दिवशी कचेरीत काय होते, हे मी आपल्याला सांगावयास नको. सापडत नसलेल्या फायली सापडतात. महिनोन् महिने न आलेले अभिप्राय संध्याकाळपर्यंत येतात. रजेवर गेलेल्याला घरी फोन जातो. त्याच पडद्यावर, त्याच तारेवरून, कोणी पाड्यावरची बाई प्रश्न विचारते तेव्हा यांपैकी काय होते? यंत्र एकच आहे. विचारणारा वरचा असला की चित्र संवादी होते. विचारणारा खालचा असला की तेच चित्र ‘व्हायरल’ होते. या दोन शब्दांमधील अंतर हाच आपल्या समाजपरिवर्तनाचा खरा प्रश्न आहे, आणि ते अंतर कोणताही अभियंता भरून काढू शकणार नाही. ते आपल्या टेबलावर आहे.

येथे एक कबुलीजबाब देणे मला भाग आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी एक चित्रफीत टाकली. एका खेड्यातील, वयाने माझ्या आईएवढी असलेली एक बाई अंगणातील नळाजवळ उभी होती. नळ नवा होता. त्याची तोटी तिने उघडून दाखविली, पाणी आले नाही. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या पुतण्याने फोनवर आलेले सरकारी उत्तर मोठ्याने वाचले. उत्तर हिंदीत होते. त्याचा आशय असा की, विषय राज्य शासनाच्या अखत्यारीतील असल्याने तक्रार उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात आली आहे, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. त्या बाईने शांतपणे सारे ऐकून घेतले आणि कॅमेऱ्याकडे पाहून विचारले, “भैया, इसमें पानी कहाँ है?”

गटावर हशा पिकला. हसणारी चिन्हे एकामागून एक पडली. मीही एक टाकले. रात्री जेवताना ते वाक्य पुन्हा कानात घुमले, आणि त्याची ठेवण ओळखीची वाटली. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन पाहिले. मसुदा माझाच होता. सही अर्थात दुसऱ्याची. परंतु ‘उचित कार्यवाही’ हे शब्द, त्यांचा क्रम, आणि ‘सबब’च्या जागी योजलेले ‘अतः’ ही सर्व माझी करणी होती. तशी वाक्ये मी शेकड्यांनी लिहिली आहेत. त्या दिवशीपर्यंत त्यांपैकी एकही मला कोणी वाचून दाखविले नव्हते.

मी टिपणी लिहिली की प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल मागवून तक्रारदारास कळविणे उचित होईल. त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडला. चर्चा झाली. निकाली निघालेले प्रकरण पुन्हा उघडण्याची आवश्यकता नाही असे ठरले. असमाधानी तक्रारदारास अपिलाची सोय आहे, तिची मुदत ३० दिवसांची. मी दिवस मोजले. ३९ झाले होते. त्या पुतण्याला मी आपणहून फोन केला आणि नवीन तक्रार कशी करावी ते सांगितले. हे माझ्या कामात बसते की नाही मला माहीत नाही. त्याने ती केली की नाही, हेही मला कळलेले नाही.

ही हकीकत मी कोणावर दोषारोप करण्यासाठी सांगत नाही. वर्तणूक नियमांची मला जाणीव आहे. मी कोणत्याही धोरणावर टीका करीत नाही. मी माझ्या एका वाक्यावर टीका करीत आहे. पण त्या चित्रफितीने मला जे शिकविले ते आमच्या वक्त्यांच्या दीड तासांच्या भाषणात नव्हते. ती बाई हजारो लोकांनी पाहिली असेल. त्या सर्वांपैकी उत्तर देण्याचे काम ज्याचे होते तो मी एक होतो, आणि मी हसणारे चिन्ह टाकले.

आता आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात जे आक्षेप उभे राहतील त्यांचा विचार केला पाहिजे. ते उडवून लावण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप असा की या चित्रफिती एकांगी असतात. सोयीचे तेवढे दाखवितात, कापतात, जोडतात, आणि पुष्कळदा प्रेक्षकसंख्येवर डोळा ठेवून बनवितात. हे खरे आहे. परंतु फाईलही एकांगीच असते. त्या नळाची नोंद आपल्या दप्तरी ‘काम पूर्ण’ अशी होती; तीही सोयीचे तेवढेच दाखवीत होती. एकांगी प्रश्नावर उपाय म्हणजे दुसरे अंग दाखविणारे उत्तर. मौन हा उपाय नव्हे, कारण मौन राहिले की लोक प्रश्नालाच पुरावा समजतात.

दुसरा आक्षेप मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. कॅमेरा नेहमी सर्वांत खालच्या माणसावर रोखला जातो. ग्रामसेवक, तलाठी, शाळामास्तर, अंगणवाडीची बाई, खिडकीवरचा कारकून, यांचे तोंड देशभर दाखविले जाते. ज्याच्या निर्णयामुळे काम अडले तो मात्र चित्रात येत नाही. निधी वरून आला नाही, जागा रिकामी आहे, एका माणसाकडे चार गावे आहेत, यांतले काही चित्रफितीत दिसत नाही. गरिबाचा राग गरिबावर निघतो आणि त्याला परिवर्तन म्हटले जाते. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चित्रफिती बंद कराव्यात असा नाही. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने स्वतः पडद्यावर येऊन उत्तर द्यावे, हा आहे. फोगोमध्ये मंत्री बसला म्हणून तेथील मत्स्यखात्याच्या कारकुनाला कोणी धारेवर धरले नाही. वरच्याने तोंड लपविले की खालच्याच्या तोंडाला काळे लागते.

तिसरा आक्षेप वेळेचा. पत्रे, तक्रारी, माहितीचे अर्ज यांनीच माणूस मेटाकुटीस आला आहे. त्यात चित्रफितींना उत्तरे कोण देत बसणार? येथे मी एकच गोष्ट आठवून देतो. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला तेव्हाही आपण हेच म्हणत होतो. ३० दिवसांत उत्तर, आणि विनाकारण विलंब केल्यास दिवसाला २५० रुपये याप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत दंड. तो दंड अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जावयाचा, हे कळल्यावर आपल्याला वेळ सापडला. वेळ नसतो असे नाही, बंधन नसते.

तेव्हा या माध्यमाच्या भक्तांना माझे सांगणे असे की, प्रेक्षकाला आणखी एक कळ देण्याच्या नादी लागू नका. प्रेक्षकाकडे कळा भरपूर झाल्या. तुमच्या पुढील चित्रफितीच्या अखेरीस मत नोंदविण्याची जागा ठेवण्याऐवजी, हा प्रश्न कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेस दिला, आणि त्याचे उत्तर कोणत्या तारखेपर्यंत येणे आहे, एवढे लिहा. त्या तारखेस पुन्हा कॅमेरा घेऊन जा. आले ते दाखवा. आले नाही तर तेही दाखवा. ज्याचे दुःख चित्रित केले त्याला ते चित्र आधी दाखवा, त्याची संमती घ्या, आणि त्याच्या दुःखावर स्वतःची प्रसिद्धी उभारू नका.

आणि आपल्या बांधवांना, ज्यांच्याशी माझे खरे भांडण आहे आणि ज्यांत मी स्वतः मोडतो, त्यांना मला तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. त्यांसाठी नवा कायदा लागत नाही. तक्रारीसोबत चित्रफीत आली असेल तर ती पाहिल्यावाचून मसुदा लिहू नये, आणि पाहिल्याची नोंद टिपणीत करावी. दुसरे, उत्तर लिहून झाले की ते प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगणात मोठ्याने वाचले जात आहे अशी कल्पना करून एकदा वाचावे. ज्या वाक्यात पाणी नाही ते खोडावे. तिसरे, जेथे अधिकार असेल तेथे वरिष्ठांस सुचवावे की महिन्यातून एकदा निवडक तक्रारींना चित्रफितीतूनच, लोकांच्या भाषेत, पदनामासह उत्तर द्यावे आणि ते त्या गावात दाखविले जाईल असे पाहावे. शेरा ‘चर्चा करावी’ असाच पडेल. पडू द्यावा, चर्चा तरी होईल.

आपण घरापासून दूर, परक्या भाषेच्या मुलखात नोकऱ्या करतो. येथील लोक आपल्याला ‘भैया’ म्हणतात, ‘साहब’ म्हणतात, ‘सार’ म्हणतात, आणि आपण त्यांचे कोणी लागत नाही या समजुतीवर आपली पुष्कळ निर्ढावलेली वाक्ये उभी असतात. गावी, आपल्या आईच्या नळाला पाणी नसते आणि तिला कोणी ‘अतः प्रकरण निकाली’ असे लिहून पाठविले असते, तर आपण गटावर कोणते चिन्ह टाकले असते?

त्या बाईने आपला प्रश्न विचारून झाला. आता कॅमेरा आपल्याकडे वळलेला आहे.